केचियाओत बाहेरगावचा

चीनमध्ये नोकरी लागली म्हटलं की घरचे, शेजारचे सगळे आधी जेवणाचं विचारतात, मग भाषेचं. मला विचाराल तर आधी कागदांचं विचारावं. जेवण आणि भाषा तिथं गेल्यावर रोज थोडी थोडी अंगवळणी पडते. कागदांचं तसं नाही. निम्मे कागद इथूनच तयार करून न्यावे लागतात, आणि एखादा राहिला तर तिथं बसून मंत्रालयाचा शिक्का मिळवता येत नाही.

2018 साली झेजियांग प्रांतातल्या केचियाओ इथं एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीत मला तपासनिसाची नोकरी मिळाली. शिवाजी विद्यापीठाची टेक्स्टाइल इंजिनिअरिंगची पदवी आणि इचलकरंजीत एअरजेट मागांच्या कारखान्यात काढलेली वर्षं, एवढंच भांडवल होतं. ती वर्षंच कामाला आली. 2017 पासून चीनमध्ये परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्याचे ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत. आपल्याकडची बहुतेक तरुण मुलं बी वर्गात बसतात आणि त्यासाठी साधारणपणे पदवी आणि किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून जुन्या मालकाकडून अनुभवाचं पत्र घेताना तारखा, हुद्दा, शिक्का, सही, सगळं तिथंच उभं राहून तपासून घ्यावं.

पदवीचा प्रवास लांबचा आहे. विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईत मंत्रालय, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि शेवटी चिनी वकिलातीचा. पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचा दाखला काढायचा, त्यालाही असेच शिक्के. एकेका टेबलावर कागद थांबत होते आणि आई रोज विचारत होती, "झालं का रे?" हे सगळे कागद तिकडं गेल्यावर तिथली कंपनी सरकारकडून कामाच्या परवान्याचं सूचनापत्र काढते आणि ते दाखवून झेड, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा मिळतो. हा व्हिसा म्हणजे फक्त दारातून आत जायची परवानगी. आत गेल्यावर 30 दिवसांच्या आत निवासी परवान्यासाठी अर्ज करावाच लागतो.

इथं एक गोष्ट मला जीव तोडून सांगायची आहे. काही एजंट मुलांना म्हणतात, "आत्ता बिझनेस व्हिसावर जा, काम सुरू कर, नंतर बदलून घेऊ." असं अजिबात जाऊ नका. कामाच्या परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर तिथल्या कायद्यात 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, प्रकरण गंभीर असेल तर 5 ते 15 दिवस कोठडी, शिवाय देशाबाहेर काढू शकतात. केचियाओच्या बाजारात अशा व्हिसावर काम करणारी आपली पोरं मी पाहिली आहेत. पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलायची. पगार बुडाला तरी तक्रार करायला जागा नाही, कारण तक्रार केली की आधी स्वतःचीच चौकशी.

हाँगकाँगवरून हांगझोऊला उतरलो. विमानतळापासून केचियाओ जवळच आहे. हॉटेलात राहिलं तर हॉटेलवालेच पोलिसांकडे नोंद करतात, पण भाड्याच्या घरात गेल्यावर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत आपली आपण नोंद करायची असते. माझी घरमालकीण साठीच्या पुढची. घराचे कागद, भाडेकरार आणि स्वतःचं ओळखपत्र एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ती माझ्याबरोबर चौकीत आली. एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, अशी तिथली रीत, त्यामुळे घरून नेलेले पैसे पहिल्याच आठवड्यात संपत आले. चौकीतून मिळालेला तो नोंदीचा कागद पुढं प्रत्येक खिडकीवर लागतो.

मग वैद्यकीय तपासणी. उपाशीपोटी जायचं. रक्त, छातीचा एक्सरे, ईसीजी, सोनोग्राफी, असं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरवतात आणि हातातल्या फॉर्मवर शिक्के वाढत जातात. त्यानंतर तेव्हा कामाच्या परवान्याचं कार्ड मिळायचं, आणि मग निवासी परवान्याचा अर्ज. पासपोर्ट सरकारी कार्यालयात जमा होतो आणि त्या काळापुरती एक पावती हातात राहते. पासपोर्ट हातात नसताना परक्या देशात झोप लागत नाही. ऑफिसातली एक ताई (माझ्यापेक्षा मोठी, हिशेब बघायची, सगळेच तिला ताई म्हणून हाक मारायचे) म्हणाली, पावतीवर रेल्वेसुद्धा चालते, काळजी करू नको.

बँकेत आणखी एक अडचण आली. आपल्या पासपोर्टात नावाबरोबर वडिलांचं नाव जोडलेलं असतं. माझं नाव त्यांच्या फॉर्ममधल्या चौकटीत मावत नव्हतं. बँकेत जसं लिहिलं जाईल तसंच्या तसं, अक्षरन्‌अक्षर, फोनच्या कंपनीत आणि वीचॅटमध्ये असायला हवं, नाहीतर पैसे देण्याची सोय सुरूच होत नाही. आणि ती सोय नसेल तर तिथं भाजीसुद्धा घेणं अवघड. भाजीवाली आपल्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगते, नोट पुढं केली तर सुट्टे शोधत बसते. ताईनं बँकेतल्या मुलीशी बोलून नाव कसं घालायचं ते एकदाच ठरवलं आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी फोनच्या कव्हरमध्ये ठेवून मी सगळीकडे दाखवत फिरलो.

व्हॉट्सअ‍ॅप तिथं चालत नाही. आईच्या फोनवर वीचॅट घालून दिलं होतं. रोज रात्री तिथले साडेदहा, म्हणजे घरी आठ वाजलेले, आई पोळ्या करता करता फोन समोर टेकवून बोलायची. 2020 च्या जूनमध्ये भारतात त्या अ‍ॅपवर बंदी आली आणि तिची ती सवय एका दिवसात मोडली.

आता कामाचं. केचियाओ हा शाओशिंग शहराचा भाग, आणि तिथला कापडबाजार जगातल्या सगळ्यात मोठ्या कापडबाजारांपैकी एक. इमारतींमागून इमारती, प्रत्येक मजल्यावर गाळेच गाळे, आणि गाळ्यात छतापर्यंत टांगलेले कापडाचे नमुने. भाव कॅल्क्युलेटरवर होतो. दुकानदार आकडा दाबून यंत्र आपल्याकडे वळवतो, आपण आपला आकडा दाबून परत करायचं. सुरतचे, ढाक्याचे, लाहोरचे, दुबईचे, लागोसचे व्यापारी एकाच लिफ्टमध्ये भेटतात. रंगाईचे कारखाने बाजारात नाहीत. ते बिनहाई औद्योगिक पट्ट्यात एकत्र हलवलेले आहेत. सांडपाण्यावर नजर ठेवणं सोपं जावं, हे त्यामागचं एक मोठं कारण. माझा बहुतेक वेळ तिथंच जायचा.

माझ्याकडे काम होतं काळ्या कापडाचं. आखाती देशांत अबायासाठी, म्हणजे बायकांच्या पायघोळ झग्यासाठी, जे पॉलिएस्टर क्रेप जातं ते. बाहेरच्या माणसाला वाटेल, काळ्यात काय बघायचं? पण काळ्याइतका अवघड रंग नाही. पॉलिएस्टरचा काळा हा नेव्ही, नारिंगी, लाल अशा रंगांच्या मिश्रणातून तयार होतो आणि त्यातलं एक जरी किंचित जास्त झालं तर काळा लालसर किंवा हिरवट मारतो. जेट मशीनमध्ये 130 अंशाला रंगवताना तापमान किती वेगानं चढवलं, ताग्याची फेरी कुठं अडकली, रंगानंतरची धुलाई नीट झाली का, हे सगळं कापडावर उतरतं. उजेडपेटीत एका दिव्याखाली दोन तुकडे जुळतात आणि दिवा बदलला की वेगळे दिसतात. जेद्दाहच्या व्यापाऱ्याला हे पेटीशिवायच कळतं. तो दुकानाच्या दारात उन्हात कापड धरतो आणि तिथूनच फोन करतो.

तपासणीची पद्धत फोर पॉइंटची. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढं चार, आणि शंभर चौरस यार्डांत आमच्याकडे 40 गुणांपर्यंत माल पास. हे मी इचलकरंजीत शिकलो होतो. पण शेडचं, म्हणजे रंगछटेचं, शिक्षण मला तिथल्या डाइंग मास्टरनं दिलं. त्याला सगळे शीफू, म्हणजे उस्ताद, म्हणत, मीही तेच म्हणायचो. पन्नाशीच्या आतला, बुटका, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. पहिले काही आठवडे तो माझ्याशी बोललाच नाही. तपासनीस म्हणजे माल परत पाठवणारा माणूस, त्याच्याशी काय बोलायचं? मी रोज पहाटेच्या लॉटला हजर राहायचो, ऑफिसातून फोटो मागवत नव्हतो. एके दिवशी त्यानं मला बाहेर उत्तरेकडच्या खिडकीपाशी नेलं, दोन तुकडे हातात दिले आणि ते आडवे करून डोळ्यांच्या पातळीवर धरायला लावले. वरून बघताना सारखे असलेले काळे तसे धरले की फरक दाखवतात. त्या दिवसापासून दुपारी कँटीनमध्ये तो माझ्यासाठी शेजारची जागा धरू लागला.

कँटीन अकरालाच भरतं. स्टीलचं कप्प्यांचं ताट, भात, बटाट्याचे बारीक परतलेले काप, टोमॅटो-अंडं, आणि शाओशिंगची वाळवलेली मोहरीची भाजी. ती तिथं बहुतेक डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मी डुक्कर आणि गाय खात नाही असं कळल्यावर वाढणारी बाई माझ्यासाठी नुसती भाजी बटाट्यात घालून बाजूला ठेवायची. संध्याकाळी लानझोऊ पद्धतीच्या नूडल्सची मुसलमानांची खानावळ होती, तिथं मटणाचा रस्सा मिळायचा. आणि केचियाओत भारतीय हॉटेलं आहेतच. पण रोज तिथंच जाऊन बसलं की ओळखी आपल्याच माणसांच्या होतात आणि भाषा जिथल्या तिथं राहते.

जेवल्यावर झोप. ऑफिसात दिवे बंद होतात, टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात आणि तासभर कुणी कुणाला फोन करत नाही. ही फार चांगली पद्धत आहे, आपल्याकडेही यायला हवी.

मित्र मिळाले ते बॅडमिंटनमुळे. तिथं संध्याकाळी हॉल तासावर मिळतो. वीचॅटवर गट असतो, ज्याला यायचं तो नाव टाकतो, खेळ झाल्यावर जागेचे आणि शटलच्या फुलांचे पैसे सगळ्यांत वाटून लगेच फोनवरून चुकते होतात. ह्या गटात बँकेतला एक मुलगा, एक शाळेतली शिक्षिका, दोन कुरिअरवाले, आणि मी. खेळताना भाषा फारशी लागत नाही आणि खेळानंतर शिगांवर भाजलेलं खाताना ती आपोआप येते. मोकळेपणानं पगार विचारतात, लग्न का नाही केलं विचारतात, घर स्वतःचं आहे का विचारतात. आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवात वाढलेल्या माणसाला ह्याचं काहीच वाटत नाही. डोकलामचा विषय कधी निघाला तर बँकवाला मुलगाच रॅकेट हातात देऊन म्हणायचा, सर्व्हिस तुझी.

कंपनीच्या जेवणावळीत मात्र रीत पाळावी लागते. गोल टेबल, दाराकडे तोंड करून मुख्य माणूस, आणि पेला भिडवताना मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपल्या पेल्याची कड खाली. मी दारू पीत नाही. चहाचा पेला घेऊन उठलं, प्रत्येकाजवळ जाऊन दोन शब्द बोललं, की ते चालतं. बसून राहिलं तर मात्र लोकांना खुपतं.

गणपतीला आम्ही काही मराठी मंडळी एकाच्या घरी जमायचो. एकीनं सुट्टीहून येताना शाडूची वीतभर मूर्ती कपड्यांत गुंडाळून आणली होती. विसर्जन बादलीत. शेजारच्या चिनी आजी मोदक बघून म्हणाल्या, हे तर आमच्यासारखंच वाफवलेलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी त्यांच्याकडचं पाठवलं.

शीफू शाओशिंगचा नव्हता. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण मला तिथले सगळेच तिथले वाटायचे. तो आनहुई प्रांतातल्या फूयांगकडचा. जेट मशीनवरची पोरं ग्वेझोऊची, स्टेंटरवरची, म्हणजे कापड ताणून सुकवायच्या यंत्रावरची, सिचुआनची. शाओशिंगचे लोक आपसात जी बोली बोलतात ती ह्यांनाही माझ्याइतकीच कळत नव्हती. बारा तासांची पाळी, आठ-आठ जणांच्या खोल्या, महिन्याला घरी पैसे. कुटुंबाची नोंद, ज्याला ते हुकोउ म्हणतात, गावाची असते. मुलांची शाळा आणि पुढची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा ह्या नोंदीशी बांधलेली. म्हणून शीफूची मुलगी गावी आजी-आजोबांपाशी वाढत होती.

आमच्या घरचे माग आहेत. त्यांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार लहानपणापासून पाहिलेले. बारा तासांची पाळी तीच, खोल्या तशाच. मी नेहमी गाववाल्याच्या बाजूनं हे पाहिलेलं. केचियाओत पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला उभा होतो आणि माझ्याबरोबर उभी असलेली माणसं चिनी होती. परदेशी म्हणून मला जे एकटेपण वाटायचं, त्यातलं बरंचसं ह्या एका जाणिवेनं कमी झालं.

2019 चं त्यांचं नवं वर्ष 5 फेब्रुवारीला होतं. शीफू म्हणाला, "तू इथं एकटा काय करणार? चल." वसंतोत्सवाच्या गर्दीत तिकीट मिळणं म्हणजे दिव्य. फूयांगला तेव्हा वेगवान रेल्वे पोचलेली नव्हती, साध्या गाडीनं गेलो. डब्यात पोती, तेलाचे डबे, मुलांसाठी घेतलेल्या सायकली, आणि प्रत्येकाच्या हातात गरम पाण्याची बाटली. त्याच्या गावी पोचल्यावर घरात पाऊल टाकण्याआधी तो मला गावच्या चौकीत घेऊन गेला, कारण 24 तासांचा तो नियम गावालाही लागू. चौकीतल्या पोलिसानं परदेशी पासपोर्टाची नोंद पूर्वी केलेली दिसत नव्हती. तो फोन करून विचारत होता, शीफू त्याला शांतपणे एकेक रकाना सांगत होता. माझ्यासाठी त्यानं हे सगळं आधी केचियाओच्या चौकीत जाऊन विचारून घेतलं होतं.

तो गव्हाचा मुलूख. घरोघरी वाफवलेले पाव, मटणाचं सूप, आणि वर्ष संपायच्या रात्री सगळ्यांनी मिळून केलेल्या डंपलिंग्ज. त्याच्या आईनं मला पिठाची लाटी दिली आणि माझ्या हातचा गोल आकार बघून पुढच्या सगळ्या पाऱ्या माझ्याकडून लाटून घेतल्या. मुलगी आठ-नऊ वर्षांची. पहिला दिवसभर ती वडिलांच्या जवळ आली नाही, आजीच्या मागून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला फटाके आणायला नेलं, येताना ती त्याच्या खांद्यावर होती. आणि मग आठवडा संपला. त्या रात्री मी वडिलांना फोन करून आमच्या मागांवरच्या माणसांच्या मुलांची नावं विचारली. त्यांना सगळी नाही सांगता आली. पुढच्या वेळी त्यांनी विचारून ठेवली होती.

त्याच वर्षी माझी नोकरी सुटली. म्हणजे मी सोडली. एका मोठ्या ऑर्डरीतले काही लॉट हिरवट आले होते. मी ते नापास केले. जहाजाची तारीख जवळ आली होती, आणि कंपनीनं मला तपासणीच्या कागदावर पास म्हणून सही करायला सांगितलं. मी नाही केली. त्यानंतर माझ्या कामाच्या जागा बदलल्या, बोलणं बदललं, तेव्हा मी 30 दिवसांची लेखी नोटीस दिली. तिथला श्रमिक करार कायदा तेवढंच मागतो.

खरी अडचण तिथून सुरू झाली. चीनमध्ये तुमचं राहणं तुमच्या मालकाच्या नावाला बांधलेलं असतं. दुसरीकडे लागायचं तर आधीच्या कंपनीकडून नोकरी सोडल्याचा दाखला लागतो आणि कामाचा जुना परवाना रद्द केल्याचा पुरावा लागतो. त्याशिवाय नव्या मालकाला अर्जच करता येत नाही. कंपनी म्हणाली, माल गिऱ्हाइकाकडे पोचू दे, मग बघू. महिना संपला. त्या दिवसांत दारावर टकटक झाली तरी छातीत धस्स व्हायचं.

हिशेबाच्या ताईनं मला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन कायद्याचं 50 वं कलम फोनवर दाखवलं: करार संपताना मालकानं दाखला द्यायचाच आणि बाकीची हस्तांतरणाची कामं 15 दिवसांत करायची. ती स्वतः त्याच कंपनीत कामाला होती, तिला हे महागात पडू शकत होतं. 12333 हा कामगार खात्याचा फोन नंबरही तिनंच दिला. बॅडमिंटनमधल्या शिक्षिकेनं माझ्यासाठी चिनीतून पत्र लिहिलं, अगदी सभ्य भाषेत, कलमाच्या उल्लेखासह. आणि शीफूनं त्याच्याकडे रंगवायला माल देणाऱ्या तीन-चार निर्यातदारांना सांगून ठेवलं की एक पोरगा आहे, काळा बघतो, खोटी सही करत नाही.

पत्रानंतर दाखला आला. निवासी परवाना रद्द होऊन पासपोर्टात 30 दिवसांच्या मुक्कामाचा परवाना लागला, आणि तेवढ्या काळात नव्या मालकाचा अर्ज पुरा झाला. शीफूनं सांगितलेल्यांपैकीच एक. कामाच्या परवान्याचा क्रमांक माणसाला आयुष्यभरासाठी एकच असतो, तो तसाच राहिला, मालकाचं नाव बदललं.

नव्या करारावर सही करण्याआधी मी एक ओळ घालून मागितली: शेडच्या बाबतीत लॉट पास-नापास करण्याचा निर्णय तपासनिसाचा राहील. मालकानं ती वाचली, शीफूला फोन लावला, दोघं त्यांच्या भाषेत बरंच बोलले, आणि त्यानं कागदावर शिक्का मारला.